घाटावरच्या कुत्र्याची जखम : हळद, मध, सीताफळाचा पाला. काय लावावं, काय लावू नये



पावसाळा लागला की मासळी उतरते त्या जागी एक गोष्ट हमखास दिसते. कुत्र्याच्या मानेवर किंवा कानामागे जखम, त्यावर घोंघावणाऱ्या माश्या, आणि दोन दिवसांत जखमेत अळ्या. धरमपुरी-खलघाटचा नर्मदाकाठ असो, धारचा मुंज तलाव असो की देवासचा मीठा तालाब, पाणी आणि मासळी आहे तिथे कुत्रा आहेच. रात्री नावा आणि जाळी तोच राखतो. पवार-होळकरांबरोबर माळव्यात आलेल्या कितीतरी मराठी घरांचं कुलदैवत खंडोबा, आणि खंडोबाबरोबर कुत्रा असतोच. म्हणून दुखावलेल्या कुत्र्याला हाकलून द्यायला आपलं मन होत नाही. मग घरात हाताला लागेल ते लावलं जातं. हळद, खोबरेल, चुना, तंबाखूचं पाणी, फिनाईल, कधी इंजिनाचं जळकं तेल, कधी डिझेल.

यातलं काही खरंच कामाचं आहे. काही नुसतंच निरुपयोगी आहे. आणि काही असं आहे की जखमेनं मेला नसता तो कुत्रा औषधानं मरतो. हे ओळखायचं कसं, एवढाच आजच्या पाठाचा विषय.

ओळखायची खूण सोपी आहे. कुत्रा जखम चाटतो. गाय-बैलाच्या खांद्यावर लावलेलं औषध खांद्यावरच राहतं, कुत्र्याच्या अंगावर लावलेलं मात्र तासाभरात त्याच्या पोटात जातं. म्हणून जे पोटात गेलेलं चालत नाही, ते कुत्र्याच्या जखमेवर लावायचं नाही. मग ते झाडपाल्याचं असो की बाटलीतलं. "नैसर्गिक आहे, काही होत नाही" हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येतं. धोतराही नैसर्गिकच आहे.

आधी आपले हात

औषधाच्या आधी एक प्रश्न विचारा : ही जखम कशाने झाली? पत्र्याने, तारेने, गळाने, की दुसऱ्या कुत्र्याच्या चाव्याने? माहीत नसेल तर चावाच समजून चला. रेबीज हा लाळेतून पसरणारा रोग आहे. एकदा लक्षणं दिसू लागली की माणूस किंवा जनावर वाचत नाही असंच समजायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के एकट्या भारतात होतात.

म्हणून जखमी कुत्र्याला हातमोजे घालूनच हात लावा. मोजे नसतील तर दोन-दोन प्लास्टिकच्या पिशव्या हातात चढवा. त्याचं तोंड कापडी पट्टीने सैलसर बांधा, पण तो धापा टाकत असेल किंवा ओकत असेल तर बांधू नका. हे काम लहान मुलांकडे देऊ नका. मुलं मायेने जवळ जातात आणि दुखणारा कुत्रा आपल्या माणसालाही चावतो. कुत्र्याची वागणूक अचानक बदलली असेल, आवाज घोगरा झाला असेल, जबडा लोंबत असेल, लाळ गळत असेल, तर हात लावूच नका. जनावरांच्या डॉक्टरांना कळवा.

आणि मलमपट्टी करताना तुम्हालाच दात लागला तर? इथे हळद नको, तिखट नको, चुना नको. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं, घड्याळ लावून, जखम धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. लस तिथे फुकट मिळते. पोटात चौदा इंजेक्शनं घेण्याची जुनी भीती अजून लोकांच्या मनात आहे, पण ती लस देशात २००५ सालापासून बंद आहे. आता दंडावर देतात. पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी अशी साधारण पद्धत आहे. जखम खोल असेल तर डॉक्टर जखमेच्या आजूबाजूला वेगळं इंजेक्शनही देतात, तेही चुकवू नका. कुत्र्याच्या जखमेला घरचा उपाय चालू शकतो. माणसाला कुत्रा चावल्यावर घरचा उपाय एकच, साबण आणि पाणी.

खरं औषध : मीठ-पाणी

सगळ्या पाल्या-मुळ्यांच्या आधी हे. अर्धा लिटर पाणी उकळून थंड करा, त्यात एक सपाट चहाचा चमचा मीठ विरघळवा. अंगातल्या पाण्याइतकंच खारट पाणी तयार होतं, त्यामुळे ते झोंबत नाही. जखमेभोवतालचे केस कात्रीने कापून टाका, कारण केसांतच पू आणि घाण अडकते. कापताना जखमेवर ओलं फडकं ठेवा म्हणजे केस आत पडत नाहीत. मग सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजने किंवा झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीने पाण्याची धार सोडा. पाणी भरपूर वापरा. धुऊन निघणारी घाण हीच जखमेची मुख्य शत्रू. ती आत ठेवून वर हळद भरली तर खाली पू साचतो आणि वर छान पिवळी खपली दिसते.

नदीच्या पाण्याने धुवू नका. नर्मदामाई पवित्र आहे, पण घाटावरच्या पाण्यात काय काय मिसळतं ते आपण रोज पाहतो. डेटॉल आणि स्पिरिटही नको. ते जंतूंबरोबर नव्या उगवणाऱ्या मांसालाही जाळतं. बीटाडीन असेल तर पाणी घालून फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून वापरा.

हळद

हळदीबद्दल आधी एक खरी गोष्ट. १९९५ साली अमेरिकेत, मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन संशोधकांना हळदीने जखम भरण्याच्या वापरावर पेटंट मिळालं. दोघेही मूळचे भारतीयच. आपल्या आजीने जे फोडणीच्या डब्यातून काढून लावलं, त्यावर मालकी! भारताच्या सीएसआयआर या संस्थेने ते पेटंट आव्हानाला घेतलं. तेव्हा तिचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, मूळ गोव्यातल्या माशेलचे. हा उपयोग आमच्याकडे पूर्वापार आहे हे दाखवायला जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला एक लेखही पुढे ठेवला गेला. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं.

अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण पेटंट रद्द झालं ते "हे ज्ञान नवीन नाही" म्हणून. "हळद कुठलीही जखम बरी करते" असा निकाल त्यात नव्हता. हळदीत सूज उतरवणारा आणि काही जंतूंना आवरणारा गुण आहे हे प्रयोगांत दिसलं आहे. वरवरच्या खरचटण्याला, धुऊन कोरड्या केलेल्या जखमेला, खोबरेल तेलात चिमूटभर कालवून पातळ थर लावला तर चांगलं. खोल जखमेत कोरडी हळद ठासून भरायची नाही. दुसरं म्हणजे, डॉक्टरकडे न्यायचंच असेल तर आधी हळद लावू नका, पिवळ्या रंगाखाली मांस लाल आहे की काळं पडलंय हे त्यांना दिसत नाही. आणि बाजारातली फार चकचकीत पिवळी पूड टाळा. हळदीत शिशाच्या रंगाची भेसळ होते. हळकुंड आणून घरी दळलेलं बरं.

मध आणि साखर

माझ्या मते घरच्या उपायांत सगळ्यात भरवशाचा हा, आणि आपल्याकडे सगळ्यात कमी वापरला जाणारा. मध दाट असतो, तो जखमेतलं पाणी ओढून घेतो आणि पाण्यावाचून जंतू वाढत नाहीत. शिवाय तो थोडा आंबट असतो, आणि जखमेच्या ओलाव्यात मिसळला की त्यातून जंतुनाशक हायड्रोजन पेरॉक्साइड अगदी सावकाश तयार होतं. जनावरांचे डॉक्टरही चिघळलेल्या जखमांना निर्जंतुक केलेला मध वापरतात. कुत्र्याने थोडा चाटला तरी बिघडत नाही.

अट एकच, वर पट्टी हवी. उघड्या मधावर अर्ध्या तासात मुंग्या येतात. स्वच्छ सुती फडकं किंवा गॉज मधात भिजवून जखमेवर ठेवा, वर कोरड्या कापडाची घडी, मग पट्टी. पहिले दोन-तीन दिवस रोज बदला, कारण भरपूर पाणी सुटतं आणि पट्टी भिजते. नंतर एक दिवसाआड. मध नसेल तर घरातली साधी साखर जाड थराने भरून वर पट्टी बांधली तरी तेच काम होतं, पण साखर विरघळली की लगेच बदलावी लागते. धार भागात जंगलातला मध विकायला येतो, ओळखीच्या माणसाकडूनच घ्या. पाकाची भेसळ केलेल्या मधात ते गुण राहत नाहीत.

पट्टी बांधताना खाली एक बोट सरकलं पाहिजे. पायाला बांधली तर बोटांची टोकं उघडी ठेवा आणि ती गार पडली किंवा सुजली तर पट्टी लगेच सोडा. पट्टीवर रबर किंवा नायलॉनचा दोरा कधीही गुंडाळू नका. केसांत रुतलेला दोरा बाहेरून दिसत नाही आणि पाय जातो.

चाटणं थांबवायचं कसं? "कुत्र्याच्या जिभेत औषध असतं" हे आपल्याकडे सगळेच म्हणतात. त्याच्या लाळेत थोडे जंतुनाशक घटक आहेतही. पण त्याची खरखरीत जीभ नवीन आलेली नाजूक कातडी दर वेळी खरवडून काढते आणि तोंडातले जंतू आत सोडते. लहान प्लास्टिकच्या बादलीचा तळ कापा, कडेला कापडाची किनार शिवा आणि गळ्यातल्या पट्ट्याला दोऱ्याने अडकवा. झाली गळ्यातली टोपी. पाठी-पोटावरच्या जखमेला जुना बनियन पुढचे पाय बाह्यांतून काढून घातला तरी चालतं. हीच जीभ आपल्या हातावरच्या कापाला लागू देऊ नका. जाळी ओढणाऱ्यांच्या हातावर काप असतातच.

कडुलिंब, करंज, कोरफड

कडुलिंबाचं किंवा करंजाचं तेल जखमेत भरायचं औषध नाही. ते जखमेच्या कडेने केसांवर लावायचं, म्हणजे वासाने माश्या दूर राहतात. नुसतं तेल उग्र पडतं, तिप्पट-चौपट खोबरेल तेलात मिसळून लावा. कडुलिंबाचा पाला उकळून गार केलेलं पाणी धुवायला चांगलं. कोरफडीचा आतला पारदर्शक गर भाजल्या-खरचटल्याला थंडावा देतो, पण सालीलगतचा पिवळा चीक पूर्ण धुऊन टाका. तो पोटात गेला की कुत्र्याला जुलाब लागतात.

गुजरातेतल्या आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने गुरांच्या जखमांसाठी एक घरगुती तेल सुचवलं आहे. खोकलीचा पाला, कडुलिंब, तुळस, मेंदी, लसूण आणि हळद हे सगळं वाटून तिळाच्या किंवा खोबरेल तेलात उकळायचं. गुरांसाठी ते चांगलंच आहे आणि आपल्यातल्या काहींच्या घरी असेलही. पण त्यात लसूण आहे, आणि लसूण-कांदा कुत्र्याच्या पोटात गेला तर त्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. गोठ्यातलं औषध जसंच्या तसं कुत्र्याला का लावू नये, ते यावरून कळेल.

अळ्या आणि सीताफळ

हा भाग नीट वाचा, कारण पावसाळ्यात सगळ्यात जास्त कुत्रे यानेच मरतात असं आपण डोळ्यांनी पाहतो. माशी जखमेच्या कडेला पांढरी अंडी घालते, तांदळाच्या कणीसारखी. एका दिवसाच्या आत त्यातून अळ्या निघतात. काही माश्यांच्या अळ्या सडकं मांस खातात, पण एका जातीच्या अळ्या जिवंत मांसात स्क्रूसारख्या आत शिरत जातात. बाहेर रुपयाएवढं भोक दिसतं आणि आत मूठभर पोकळी असते.

पद्धत अशी. केस कापा. जखमेत कोमट खोबरेल तेल भरून दहा-पंधरा मिनिटं थांबा, हवा कोंडली की अळ्या वर येतात. चिमट्याने एकेक काढा. उजेड भरपूर हवा, मोबाईलची बॅटरी धरायला दुसरा माणूस हवा. काढलेल्या अळ्या वाळूत टाकू नका, त्या मातीत शिरून कोष करतात आणि पुन्हा माश्या होतात. उकळत्या पाण्यात टाका. मग मीठ-पाण्याने धुवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा, एका बैठकीत सगळ्या कधीच निघत नाहीत.

सीताफळाचा पाला वाटून अळ्यांच्या जखमेवर लावायची रीत महाराष्ट्रातही आहे आणि आपल्या माळव्यातही. मांडवगडच्या बाजूला सीताफळं मुबलक, त्यामुळे पाला कुठेही मिळतो. या झाडात कीटक मारणारं द्रव्य खरंच आहे. वर सांगितलेल्या आणंदच्या पद्धतीतही, अळ्या असतील तर फक्त पहिल्या दिवशी सीताफळाचा पाला, असंच सांगितलं आहे. हे "फक्त पहिल्या दिवशी" महत्त्वाचं. अळ्या मेल्यावर तोच पाला रोज भरत राहिलं तर नवीन मांस येत नाही. लावताना कुत्र्याच्या गळ्यात बादलीची टोपी हवीच. डोळ्याजवळच्या जखमेला हा पाला लावायचा नाही. आणि बिया तर मुळीच वाटू नका. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात जाऊन माणसांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्याच्या घटना आपल्या देशात नोंदल्या गेल्या आहेत. उवा मारायला बियांची पूड लावणाऱ्या आयाबायांनीही हे लक्षात घ्यावं.

डांबर गोळ्यांची पूड, कापूर, टर्पेंटाइन, फिनाईल, डिझेल, रॉकेल यांनी अळ्या मरतात हे खरं. पण कुत्रा ते चाटतो, आणि डांबर गोळी किंवा कापूर पोटात गेला तर त्याला झटके येऊ शकतात. डिझेलने कातडी सोलून निघते ती वेगळीच. कान, डोळा, नाक किंवा गुदद्वाराजवळच्या अळ्या घरी काढत बसू नका. डॉक्टरांकडे अळ्या मारणारं औषध असतं.

मासळीची आतडी-खवले घाटावरच पडून राहिले की माश्या तिथेच वाढतात. खड्डा करून पुरा, निम्मं काम तिथेच होतं.

गळ लागला तर

हे फक्त आपल्याच धंद्यात होतं म्हणून लिहितो. आमिष लावलेला गळ कुत्रा तोंडात घेतो आणि तो ओठात किंवा पंजात रुततो. मागे ओढू नका, उलटा काटा मांस फाडतो. टोक पुढे ढकलून कातडीबाहेर काढा, काटा पक्कडीने कापा, मग उरलेला दांडा मागे काढून घ्या. गळ गिळला असेल आणि तोंडातून तंगूस लोंबत असेल तर तो अजिबात ओढू नका. पूर्ण कापूनही टाकू नका. हातभर ठेवून पट्ट्याला बांधा आणि डॉक्टरकडे न्या, त्या दोऱ्यावरूनच त्यांना गळ सापडतो. टाकून दिलेल्या नायलॉन जाळीचा धागा गळ्यात-पायात आवळला असेल तर कात्रीचं बोथट टोक आत सरकवून कापा, आणि सुजेखाली दुसरा फेरा राहिला नाही ना ते बोटाने चाचपून बघा.

चिलापीची कातडी

ही गोष्ट वाचून सभासदांना गंमत वाटेल. ब्राझीलमधल्या फोर्तालेझा शहरात डॉक्टरांनी भाजलेल्या माणसांवर तिलापियाची, म्हणजे आपल्या चिलापीची कातडी पट्टीसारखी वापरून पाहिली. तिकडे चिलापीची शेती मोठी आणि कातडी फेकून देतात. २०१७ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात मोठा वणवा लागला, त्यात दोन अस्वलांचे आणि डोंगरी सिंहाच्या एका पिल्लाचे पंजे भाजले. तिथल्या डेव्हिस विद्यापीठाच्या पशुवैद्य जेमी पेटन यांनी त्यांच्या पंजांवर चिलापीची कातडी टाके घालून बसवली आणि वरून तांदळाच्या कागदाने आणि मक्याच्या पानांनी गुंडाळलं. का? तर जनावराने पट्टी चावून गिळलीच तरी काही अपाय होऊ नये. पुढच्या वर्षीच्या वणव्यात भाजलेल्या एका कुत्रीवरही हाच इलाज केला. या कातडीत कोलॅजन नावाचं प्रथिन भरपूर असतं, ती ओलावा धरून ठेवते आणि रोजची पट्टी बदलण्याची यातना वाचते.

आपण मात्र टोपलीतल्या चिलापीची कातडी सोलून कुत्र्याला बांधायची नाही. त्यांनी ती निर्जंतुक करून घेतली होती. कच्च्या कातडीवरचे जंतू थेट जखमेत जातील, आणि वासाने घाटावरचे बाकीचे कुत्रे त्याला फाडतील ते निराळंच.

डॉक्टरकडे कधी

दहा मिनिटं दाबून धरूनही रक्त थांबत नसेल, छाती-पोटावर भोक असेल, जखमेला घाण वास येत असेल, कुत्रा खात नसेल किंवा अंग तापलं असेल, तर घरचे उपाय थांबवा. मोठा ताजा काप पाच-सहा तासांच्या आत नेला तर टाके नीट बसतात. दुसऱ्या कुत्र्याच्या चाव्याची जखम वरून दोन छोटी भोकं दिसते, आत मात्र कातडी मांसापासून सुटून खिसा झालेला असतो. त्यावर लेप लावून भोक बुजवू नका. चावलेल्या कुत्र्याला रेबीजची लस लगेच द्यायची की नाही तेही डॉक्टरच ठरवतील. पिल्लांना तीन महिन्यांची झाली की पहिली लस आणि पुढे दर वर्षी. माणसाची दुखण्याची गोळी, ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, कुत्र्याला देऊ नका. त्याच्या पोटात रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंड निकामी होतं.

धार आणि देवास दोन्हीकडे सरकारी पशुचिकित्सालय आहे. अवघड केस असेल तर महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याला जवळ पडतं, ते १९५५ पासून चालू आहे. जनावर हलवता येत नसेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करा, पशुवैद्यकीय गाडी येते. फोनवर गावाचं नाव, घाटाची खूण आणि जखम कशाने झाली ते सांगा. गाडी येईपर्यंत जखमेवर मीठ-पाण्यात भिजवलेलं स्वच्छ फडकं ठेवा आणि कुत्रा सावलीत बांधा.